टीम कोणाची? वर्धा 1940 ते जामठा 2025

आजचा एपिसोड क्रिकेटचा आहे, पण स्कोअरकार्डचा नाही. आज बोलायचंय सिलेक्शनवर. टीममध्ये कोण घ्यायचा, कोण बसवायचा, आणि ते ठरवायचं कशावर? आडनावावर, गावावर की फॉर्मवर? हा वाद तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर आठवड्याला होतो, माझ्याही होतो. फरक एवढाच की या वादाचा एक जुना तुकडा आमच्या वर्ध्यातच पडलेला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

सुरुवात एका रविवारपासून करू.

2 मार्च 2025. जामठा. रणजी ट्रॉफीची फायनल, विदर्भ विरुद्ध केरळ, पाचवा दिवस. मी वर्ध्याचा. आमच्याकडून निघालं की सेलू, केळझर, बुटीबोरी आणि मग जामठा. नागपूरकर त्या रस्त्याला वर्धा रोडच म्हणतात, त्यामुळे स्टेडियम अर्धं आमचंच, असा आमचा जुना दावा आहे. तर आम्ही चौघं सकाळीच निघालो होतो. मॅच ड्रॉकडे चालली होती, पण आम्ही निवांत होतो, कारण पहिल्या डावात विदर्भ 379, केरळ 342. म्हणजे 37 रनांची आघाडी. रणजीत फायनल अनिर्णित राहिली की पहिल्या डावात पुढे असलेली टीम चॅम्पियन. विदर्भाचं तिसरं विजेतेपद समोर दिसत होतं.

आणि तेव्हा बाजूचा दोस्त म्हणाला, "हा बॉलिंग टाकून रायला तो आपला पोट्टा होता ना बे?"

होता. आदित्य सरवटे. 2019 ची रणजी फायनल आठवते? याच जामठ्यावर, सौराष्ट्राविरुद्ध. त्या मॅचमध्ये सरवटेनं 11 विकेट घेतल्या होत्या. चेतेश्वर पुजारासारखा माणूस एका डावात 1 वर आणि दुसऱ्यात शून्यावर गेला, दोन्ही वेळा सरवटेच्याच बॉलवर. विदर्भ 78 रनांनी जिंकला. तोच सरवटे आता केरळच्या कपड्यांत आमच्याविरुद्ध खेळत होता. पहिल्या डावात त्यानं 79 रन पण काढले होते.

बरं, आमचा ओपनर कोण? ध्रुव शोरी. हा दिल्लीचा. 2017-18 च्या फायनलमध्ये दिल्लीकडून आमच्याविरुद्ध 145 मारणारा हाच. तेव्हा आम्ही घरी टीव्हीसमोर बसून त्याला काय काय बोललो होतो, ते इथं सांगण्यासारखं नाही. आता त्याच्या प्रत्येक चौकारावर टाळ्या वाजवत होतो.

म्हणजे बघा, आपला तिकडं आणि त्यांचा इकडं. मग ही टीम नेमकी कोणाची?

माझा जुना मेसेज

इथं मला एक कबुली द्यायची आहे. 2023 मध्ये शोरी आणि करुण नायर दोघंही विदर्भाकडून खेळणार असं ठरलं, तेव्हा मी ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला होता. सार असं की, बाहेरचे येऊन बॅटिंग करणार, मग विदर्भाच्या पोट्ट्यांनी काय फक्त पाणी न्यायचं का? पंचवीस-तीस जणांनी अंगठे दिले. मला फार बरं वाटलं.

रणजीत बाहेरचा खेळाडू घ्यायला परवानगी आहे, पण त्याच्या जुन्या संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं आणि अशा खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. आपण त्यांना 'गेस्ट' किंवा 'प्रोफेशनल' म्हणतो. विदर्भानं याआधीही ते केलं होतं. कर्नाटकचा गणेश सतीश आला, मुंबईचा वसीम जाफर आला. जाफरनं 2018-19 च्या मोसमात 1037 रन काढले, वयाच्या चाळिशीत! तेव्हा मी काहीच बोललो नव्हतो. पण 2023 मध्ये चिडलो. का चिडलो? त्याचं कारण क्रिकेटमध्ये नव्हतं, माझ्यात होतं. त्यावर शेवटी येतो.

करुण नायरची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. डिसेंबर 2016, चेन्नई, इंग्लंडविरुद्ध नाबाद 303. भारताकडून टेस्टमध्ये तिहेरी शतक ठोकणारा सेहवागनंतरचा हा दुसराच. आणि त्यानंतर हळूहळू भारताच्या टीममधून बाहेर, मग कर्नाटकच्या टीममधूनही बाहेर. डिसेंबर 2022 मध्ये त्यानं ट्विटरवर क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागितली होती. ती संधी दोन ठिकाणी मिळाली. एक नागपुरात, विदर्भाकडून. दुसरी इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये, नॉर्थम्प्टनशायरकडून. तिथं 2024 मध्ये ग्लॅमॉर्गनविरुद्ध त्यानं नाबाद 202 काढले.

आता विचार करा. नॉर्थम्प्टनच्या मैदानावर सकाळी थर्मास घेऊन बसणारे म्हातारे काका पण आपल्यासारखेच म्हणाले असतील ना, की आमच्या पोरांना बसवून हा भारतातला कोण आणला? आणि 202 झाल्यावर उठून टाळ्या वाजवल्या असतील. फॅन सगळीकडं सारखाच, राजेहो.

वर्ध्याला आलेली माणसं

फायनल संपल्यावर या सगळ्यावर एपिसोड करायचा म्हणून मी वाचायला बसलो. आणि वाचता वाचता 1940 चा डिसेंबर हाती लागला.

त्या काळात भारतातली सगळ्यात मोठी क्रिकेट स्पर्धा रणजी नव्हती. रणजी 1934-35 मध्ये सुरू झाली होती, पण गर्दी खेचायची ती मुंबईची पेंटँग्युलर. पेंटँग्युलर म्हणजे पाच टीम. कुठल्या पाच? युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. हो, बरोबर वाचलंत. टीम धर्मावर निवडली जायची. तुम्ही कितीही भारी बॉलर असा, आधी तुमचा धर्म कोणता ते बघायचं, मग तुम्ही कुठल्या जिमखान्याचे ते ठरायचं.

सांगलीचे विजय हजारे ख्रिश्चन होते, म्हणून ते 'द रेस्ट'मध्ये. 1943-44 च्या फायनलमध्ये हिंदूंविरुद्ध 'द रेस्ट'चा डाव 387 वर आटोपला, त्यातले 309 एकट्या हजाऱ्यांचे. एवढा मोठा खेळाडू, आणि त्याच्या टीमचं नाव काय, तर 'उरलेले'. आज ज्यांच्या नावानं विजय हजारे ट्रॉफी खेळतात, तेच हे.

तर 1940. गांधीजी 1936 पासून शेगावला, म्हणजेच आजच्या सेवाग्रामला राहत होते. ऑक्टोबरमध्ये पवनारहून विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला होता, देशभर धरपकड चालू होती. युरोपात महायुद्ध पेटलेलं. आणि मुंबईत पेंटँग्युलरची तयारी. काही लोक म्हणत होते, पुढारी तुरुंगात असताना कसली मॅच? तेव्हा हिंदू जिमखान्याची माणसं सल्ला विचारायला मुंबईहून थेट वर्ध्याला आली.

मला हे चित्र फार आवडतं. आपल्या वर्धा स्टेशनावर उतरलेली मुंबईची जिमखान्याची मंडळी, आणि प्रश्न काय, तर टीम उतरवायची की नाही!

गांधीजींनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निवेदन काढलं. त्यात त्यांनी आधी कबूल केलं की या खेळांबद्दल आपल्याला फार कमी कळतं. मग म्हणाले की जग युद्धाच्या दुःखात असताना असली करमणूक नको. पण खरा मुद्दा त्यापुढचा होता. कॉलेज-कॉलेजमधल्या, संस्था-संस्थांमधल्या मॅच आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुस्लिम अशा टीम कशासाठी करायच्या हे आपल्याला कधीच कळलं नाही, असा त्यांचा सूर होता.

म्हणजे क्रिकेट न कळणाऱ्या माणसानं सिलेक्शनचा मूळ प्रश्न विचारला. कोणाला घेतलं यापेक्षा, ही टीम बनलीच कशावर?

त्या वर्षी हिंदू जिमखान्याची टीम स्पर्धेत उतरली नाही. पण पुढच्या वर्षी परत आली. स्पर्धा 1945-46 पर्यंत चालली, आणि मग कायमची बंद झाली. उरली ती रणजी. तिच्यात टीम प्रांताची, भागाची. धर्म विचारत नाहीत.

फॉर्म होता, तरी

पण धर्म एकच असला म्हणजे सगळं सरळ होतं का? नाही. त्यासाठी बाळू पालवणकरांकडे जावं लागतं.

बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पिचची देखभाल करायचे, नेटमध्ये साहेबांना बॉल टाकायचे. डावखुरी स्पिन. इतकी भारी की हिंदूंच्या क्लबाला त्यांना घेतल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. मैदानावर सगळे त्याच बॉलला हात लावत, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. बॉल चालतो, कप चालत नाही!

1911 मध्ये भारताची टीम इंग्लंड दौऱ्यावर गेली. तिथं काउंटी टीमशी सामने झाले. बाळूंनी त्या दौऱ्यात 114 विकेट घेतल्या. आणि कॅप्टन कोण होते? पतियाळाचे 19 वर्षांचे महाराज. फॉर्म एकाचा, कॅप्टनपद दुसऱ्याचं.

हिंदूंच्या टीमचं कॅप्टनपद बाळूंना कधीच मिळालं नाही. 1920 मध्ये त्यांना टीममधूनच वगळलं, आणि त्यांच्या भावांनाही कॅप्टनपदासाठी डावललं, तेव्हा भावांनी निषेध म्हणून टीम सोडली. वाद पेटला. शेवटी बाळूंना परत घेऊन उपकॅप्टन केलं, आणि त्या मॅचमध्ये कॅप्टन काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ नेतृत्व बाळूंकडे आलं. तीन वर्षांनी, 1923 मध्ये, धाकटे भाऊ विठ्ठल हिंदूंचे कॅप्टन झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बाळूंना कॅप्टन का केलं नाही याचं कारण त्यांच्या तोंडावर कोणी सांगू शकत होतं का? विकेट कमी पडल्या म्हणाल, तर आकडे समोर आहेत. डोकं चालत नाही म्हणाल, तर स्पिनर डोक्यावरच जगतो. खरं कारण जात होती, आणि ते उघड बोलायची लाज होती. लाज होती, तरी निर्णय तोच घेतला.

नागपूरचा पोरगा इंदूरला

आता परत विदर्भाकडे येऊ. 'आपला पोट्टा तिकडं' हे काही सरवटेपासून सुरू झालं नाही. सगळ्यात मोठं उदाहरण सी. के. नायडू. जन्म 1895, नागपूर. 1926 मध्ये मुंबईत एमसीसीविरुद्ध 153, त्यात 11 षटकार. हा माणूस होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून 1923 मध्ये इंदूरला गेला आणि तिथलाच झाला. 1932 च्या इंग्लंड दौऱ्याचे कॅप्टन होते पोरबंदरचे महाराज, पण आपला खेळ त्या दर्जाचा नाही हे ओळखून टेस्टच्या वेळी ते बाजूला झाले आणि लॉर्ड्सवर भारताचे पहिले टेस्ट कॅप्टन झाले नायडू. राजानं स्वतःहून बाजूला व्हावं, हे सिलेक्शनच्या इतिहासात फार वेळा घडत नाही.

इकडं नागपूरला काय राहिलं? आपला भाग तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. क्रिकेटमध्ये मात्र 1957-58 पासून विदर्भाची स्वतंत्र रणजी टीम. म्हणूनच महाराष्ट्र राज्य एक आणि रणजी टीम तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ.

आणि मग साठ वर्षं हरणं. खरंच साठ. आमच्या बापाच्या पिढीला रणजीत विदर्भ म्हणजे समोरच्याला मिळणारे फुकटचे पॉइंट असं वाटायचं. विदर्भाकडून टेस्ट खेळणारा पहिला खेळाडू कधी आला? 2011 मध्ये. उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. त्यानं पुढं 57 टेस्ट खेळून 170 विकेट घेतल्या.

मग 2017-18. कॅप्टन फैज फजल, कोच चंद्रकांत पंडित. कोलकात्यात सेमी फायनल, कर्नाटकविरुद्ध. रजनीश गुरबानीनं दुसऱ्या डावात 7 विकेट घेतल्या आणि विदर्भ 5 रनांनी जिंकला. फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध त्याची हॅटट्रिक. अक्षय वाडकरनं पहिलं फर्स्ट क्लास शतक तिथंच ठोकलं, 133. 1 जानेवारी 2018 ला विदर्भ 9 विकेटनं जिंकला आणि पहिल्यांदा रणजी चॅम्पियन झाला. मैदान कुठलं? इंदूरचं होळकर स्टेडियम! नागपूरच्या नायडूंना ज्यांनी नेलं, त्यांच्याच नावाचं.

त्या मोसमात फैजनं 912 रन काढले. पण भारताकडून त्याची एकच मॅच आहे. जून 2016, हरारे, झिंबाब्वेविरुद्ध वनडे. नाबाद 55, भारत 10 विकेटनं विजयी. त्यानंतर त्याला एकही मॅच मिळाली नाही. एकदाही आउट न होता करिअर संपलं! आम्ही त्यावर हसतो, पण ते हसू घशात अडकतं. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यानं निवृत्ती घेतली.

आउट झालेल्याला काय सांगायचं?

आता माझं ते कारण सांगतो.

कॉलेजात असताना मी आमच्या टेनिस बॉल टीमचा कॅप्टन होतो. आर्वी रोडच्या मैदानावर रोज प्रॅक्टिस. हिंगणघाटकडच्या एका टुर्नामेंटमध्ये सेमी फायनलला आम्ही नागपूरहून एक तगडा बॅट्समन आणला, पैसे देऊन. त्याच्यासाठी आमच्यातला एक जण बसवावा लागला. तो माझा शाळेपासूनचा मित्र. तीन मॅचमध्ये त्याच्या बॅटला बॉल लागला नव्हता, हे खरं. पण मी त्याला ते सांगितलंच नाही. तो पॅड घेऊन मैदानावर आला, आणि टॉसनंतर त्याला कळलं. आम्ही मॅच जिंकलो. तो मात्र त्यानंतर आमच्यासोबत कधी खेळला नाही.

2023 मध्ये मी ग्रुपवर चिडलो ना, 'आपल्या पोट्ट्यांनी पाणी न्यायचं का' म्हणून, तो राग नायरवर नव्हता. शोरीवरही नव्हता.

बाहेरचा आणला ही चूक नव्हती, असं आता मला वाटतं. 2025 च्या फायनलकडेच बघा. पहिल्याच सकाळी विदर्भ 3 बाद 24. तिथून पार्टनरशिप झाली 215 ची. एकीकडं नागपूरचा 21 वर्षांचा दानिश मालेवार, 153. दुसरीकडं बाहेरून आलेला नायर, 86, आणि दुसऱ्या डावात 135. नायरनं मालेवारची जागा खाल्ली नाही, उलट त्याच्यासोबत उभा राहिला. त्याच मोसमात हर्ष दुबेनं 69 विकेट घेऊन रणजीचा एका मोसमाचा विक्रम केला, यश राठोडनं सगळ्यात जास्त 960 रन काढले. दोघंही आपलेच. म्हणजे माझ्या त्या मेसेजमधलं गणितच चुकलं होतं.

मग चूक कशी ओळखायची? एवढं वाचून माझ्या हाती एक साधी कसोटी आली. खेळाडूला बसवलं, त्याचं कारण त्याच्या समोर उभं राहून सांगता येतं का? 'तुझे रन होत नाहीयेत' हे सांगता येतं. त्याला वाईट वाटेल, पण तो नेटमध्ये जाऊन घाम गाळू शकतो. फॉर्म परत येतो, नायरचा आला. पण 'तू अमुक जातीचा', 'तू तमुक धर्माचा' हे कारण असेल, तर त्यावर तो माणूस काय करणार? 114 विकेट घेऊनही त्याचा उपाय होत नाही. 1940 मध्ये वर्ध्यातून जो प्रश्न विचारला गेला, तो मला असा समजला.

या कसोटीला 'आपला' आणि 'बाहेरचा' हे कारणही लावून बघा. आपला म्हणून घ्यायचा असेल, तर मग सरवटेनं केरळला जायचं नाही, नायडूंनी इंदूरला जायचं नाही. हे त्यांच्या तोंडावर कोण सांगणार?

नायर 2025 मध्ये आठ वर्षांनी भारताच्या टीममध्ये परत आला. इंग्लंडमध्ये 4 टेस्ट खेळला, 205 रन केले, आणि पुढच्या मालिकेला पुन्हा बाहेर. विदर्भ सोडून कर्नाटकला परतही गेला. मला वाईट वाटलं, पण कारण कळलं. रन कमी पडले. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

हा एपिसोड रेकॉर्ड करण्याआधी मी त्या मित्राला फोन केला. आता त्याचं दुकान आहे, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. म्हटलं, "तेव्हा तुला आधी सांगायला पाहिजे होतं. तुझा फॉर्म नव्हता, म्हणून बसवलं. दुसरं काही नव्हतं."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फॉर्म नव्हता हे मलेही माहीत होतं बे. पण पॅड घालून आणलं काहून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या रणजी मोसमात जामठ्याला सोबत जाऊ म्हणालो. तो म्हणाला, बघतो.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या टीमनं तुम्हाला कधी बसवलं असेल, किंवा तुम्ही कोणाला बसवलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. कारण सांगितलं होतं की नाही, ते नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला. रामराम!